पत्र आबांच्या नावे

आबा पत्र वाचायचे ते पत्त्यापासून. पाकीट असो नाहीतर अंतर्देशीय, आधी वरचं नाव, मग वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा रत्नागिरी, सगळं खणखणीत आवाजात. मग खाकरायचे, चष्म्याची काडी कानामागे नीट बसवायचे आणि ओटीवर जमलेल्या एकेकाकडे बघून घ्यायचे. ‘तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार’ हे तर असं म्हणायचे, की सुधीर समोर वाकून उभा आहे आणि आबा त्याला दंडाला धरून उठवताहेत असं वाटावं. आबा म्हणजे माझे सासरे. सुधीर त्यांचा एकुलता एक मुलगा, फौजेत होता, माझा नवरा. त्या काळी मी त्याचं नाव घेत नसे. आता घेते. आता कोण ऐकायला बसलंय!

आमची वाडी आरे-वारेच्या वरच्या अंगाला, कातळावर. आबांची शंभरेक हापूसची कलमं, त्यातली निम्मी त्यांनी स्वतः बांधलेली. शिक्षण सातवी फायनल, पण वाडीत त्यांचा मान मास्तरांपेक्षा मोठा. अर्धे बापये मुंबईला नाहीतर बोटीवर, आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही. त्यामुळे कुणाचंही पत्र आलं की ते पहिलं आमच्या ओटीवर यायचं. आबा हातातलं काम टाकून उठायचे. चिकाने काळे पडलेले हात राखेने घासून धुवायचे आणि मगच पत्राला हात लावायचे.

आबांचं वाचणं म्हणजे तांदूळ निवडणं होतं. लग्न होऊन मी नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या काशीकाकूंचा मुलगा बोटीवर होता, त्याचं पत्र आलं. आबांनी वाचलं, ‘आई, यंदा गणपतीला बोट अडकली आहे, जीव सगळा तिकडे लागला आहे.’ काकू पदराने डोळे पुसत, हसत घरी गेल्या. मी चहाचा कप ठेवायला वाकले होते, कागद माझ्या नजरेसमोर होता. त्यात लिहिलं होतं, ‘सारखं सारखं बोलावू नकोस, मला वैताग येतो.’ मी आबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि हळूच म्हणाले, “लिहिणाऱ्याचा राग पाकिटातच राहू द्यावा गो. म्हातारीने तो घेऊन काय करायचा?” केवढं मोठं मन या माणसाचं, असं मला वाटलं होतं. माहेरी गेले तेव्हा कौतुकाने सांगितलंसुद्धा. मूर्ख मी.

आमच्या घरातून सुधीरला पत्र जायचं ते एकच, महिन्यातून दोनदा. आतली पानं आबांची. तिथे कलमांना मोहोर किती, फवारणी झाली की नाही, कोणाचं कोण वारलं. मागच्या पानावर सासूबाई सांगतील ते आबाच लिहायचे. आणि डिंकाची पट्टी दुमडते तिथे आत दोन बोटं जागा उरते ना, ती माझी. मी लिहून दिलं की आबा ते वाचायचे, मग पट्टीवर जीभ फिरवायचे आणि मूठ आपटून पत्र बंद करायचे. सून नवऱ्याला काय लिहिते ते सासऱ्याने वाचायचं, यात कुणाला काही वाटत नसे. मलाही वाटत नसे, हे आधीच कबूल करते.

तिकडून यायचं तेही आबांच्या नावेच. बाप हयात असताना बायकोच्या नावाने पत्र टाकायचं म्हणजे बापाला डावलायचं, असा आमच्या घरचा शिरस्ता. आबांच्या वडिलांपासून चालत आलेला. सुधीर दोन महिने रजेवर होता, आमचं लग्न झालं, आणि परत जाताना तो गाडीत चढता चढता मला म्हणाला, “पत्र लिहीन हां, आबांना.” मी हसले होते. आबांचं म्हणणं, “पत्र घराला येतं गो, माणसाला नाय.” वाचून झालं की घडी घालून ते बंडीच्या खिशात टाकायचे आणि खिशातून आपल्या कपाटात. त्या कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे.

त्या वर्षी मे महिन्यात वर बर्फाच्या डोंगरात लढाई पेटली आणि सुधीरची पलटण तिकडे गेली. आमच्याकडे आंब्याचा शेवटचा तोडा चालला होता. पेट्या भरणारे गडीसुद्धा दुपारी बातम्या ऐकायला थांबायचे. सुधीरचं पत्र आलं की पेंढा तसाच सोडून सगळे ओटीवर. त्याने लिहिलं होतं, तोफांचा आवाज आपल्या आरेच्या भरतीसारखा येतो, फक्त ओहोटी लागत नाही. आबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. एका गड्याने विचारलं, “आबा, घाबरला नाय ना तो?” आबा गरजले, “माझा मुलगा आहे मेल्या!” आणि मग पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. त्यांचा जीव होता मुलावर. तो नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही.

त्याच महिन्यात माझी ऑर्डर आली. लग्नाआधी मी डी. एड. केलं होतं. जिल्हा परिषदेची शाळा, हातखंब्याच्या पुढे हायवे सोडून आत. शाळा उघडायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द. मी तो कागद आबांसमोर ठेवला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना उठायला-बसायला माणूस लागायचं. आणि पहाटे घर सोडून दिवेलागणीला परत येणारी सून आमच्या वाडीने तोवर पाहिली नव्हती. आबा बराच वेळ अडकित्ता वाजवत बसले. मग म्हणाले, “सुधीरला विचारू. तो होय म्हणाला तर मी स्वतः पोचवायला येईन तुला.” मला त्यांचा केवढा आधार वाटला! त्या दिवशीच्या पत्रात माझ्या दोन बोटांत मी लिहिलं, ‘ऑर्डर आली आहे. शाळा उघडायच्या आत हजर व्हायचं आहे. तुमचं काय म्हणणं ते नक्की कळवा. काळजी घ्या.’

मग मी पोस्टमनची वाट बघत राहिले. आत भाकऱ्या थापायच्या आणि कान पाणंदीकडे. घरात कुणाला सांगितलं नाही, पण नेसायच्या दोन साड्यांना फॉल लावून ठेवले. पुस्तकं पुसून पिशवीत भरली.

पत्र आलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. ओटी भरलेली. मी माजघराच्या दारात उभी. आबांनी पत्ता वाचला, नमस्कार वाचला, थंडी वाचली, बर्फ वितळवून चहा करतो ते वाचलं, सगळे हसले. मग ते थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. डोळे कागदावरून खाली खाली गेले, आणि आवाज आला तो एकदम, “वाडीतल्या सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, आपला आज्ञाधारक, सुधीर.” मी लाज सोडून दारातूनच विचारलं, “आणखी काही नाही?” सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. आबा घडी घालत म्हणाले, “नाय गो. लढाईत माणसाला एवढं सुचतं कुठे?”

काशीकाकूंचं पत्र मला तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं. लोकांची पत्रं निवडणारा माणूस आपल्या घरातल्या पत्रालाही हात लावील, हे डोक्यातच आलं नाही. माझा राग गेला सरळ सुधीरवर. एक ओळ! बायकोच्या जन्माचा प्रश्न, आणि या बाबाला बर्फाचा चहा सुचतो! शाळा उघडली, ऑर्डर गेली. पुस्तकं मी परत फळीवर ठेवली. नंतरच्या पत्रात माझ्या वाट्याच्या जागेत मी लिहिलं, ‘उत्तर आलं नाही. समजले. यापुढे तुम्हाला काही विचारणार नाही.’ ‘काळजी घ्या’ लिहिलं नाही. जागा होती, मुद्दाम लिहिलं नाही. आबांनी ते वाचलं. हातात धरून कितीतरी वेळ बसले. मला वाटलं आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, “अक्षर सुरेख आहे गो तुझं.” आणि पट्टीला जीभ लावून पत्र बंद केलं.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, तुम्ही असं सगळं टीव्हीवर बघितलेलं असतं. कचेरीची जीप आली. मग चार दिवसांनी पेटी आली, तिरंग्यात गुंडाळलेली. उघडायची नाही म्हणाले. वाडीत कधी न दिसलेली माणसं गाड्या घेऊन आली, भाषणं झाली, बंदुका वाजल्या. सासूबाई बेशुद्ध पडल्या होत्या. मी रडले, पण खरं सांगू? रडताना आत कुठेतरी तो रागही तसाच होता. मेलेल्या माणसावर रागावलेली बायको कुणाला दाखवायची? मी तो राग पदराखाली घेऊन बसले.

तेराव्याचा मांडव सोडत होते तेव्हा पोस्टमन आला. सुधीरचं पत्र. तो जायच्या आधी टाकलेलं, वाटेत राहिलेलं. माणसं हातातले वासे खाली ठेवून गोळा झाली. आबांनी पत्र हातात घेतलं, पत्तासुद्धा मनातच वाचला. फोडलं. उभ्या उभ्या वाचलं. कुणीतरी म्हणालं, “आबा, वाचा ना.” आबा म्हणाले, “जुनं आहे. त्यात काय नाय.” आणि खिशात टाकलं. त्यानंतर आबांनी कुणाचंच पत्र वाचलं नाही. लग्नाची पत्रिका आली तरी न बघता माझ्याकडे सरकवायचे, “वाच तू.” मुलाच्या दुःखाने आवाज गेला बिचाऱ्यांचा, असं वाडी म्हणायची. मीही म्हणायचे.

आणि मग आबा बदलले. माझ्या नोकरीसाठी त्यांनी जे केलं ते जन्मदात्या बापाने केलं नसतं. टोपी घालून, कागदांची पिशवी काखेत मारून ते रत्नागिरीच्या कचेऱ्यांमधून वर्षभर फिरले. साहेबांच्या दारात स्टुलावर बसले. चिडून एकदा एका कारकुनाला म्हणाले, “माझा मुलगा तिथे उभा राहिला, तुम्ही खुर्चीतून तरी उठा!” नोकरी मिळाली, त्याच बाजूच्या शाळेत. पहिला आठवडाभर ते माझ्याबरोबर हातखंब्यापर्यंत एस.टी.ने आले, माझी पुढची गाडी सुटेपर्यंत तिठ्यावर छत्री धरून उभे राहिले. सासूबाईंना न्हाऊ घालायला बाई ठेवली. सासूबाई गेल्यावर सकाळची चूलसुद्धा ते पेटवायचे. डब्यात मला आवडते म्हणून फणसाची भाजी, स्वतः चिरलेली. एवढा ताठ माणूस, आणि विळीवर बसलेला!

शाळेत एकदा माझा सत्कार झाला तेव्हा मी भाषणात म्हटलं, सासरा असावा तर माझ्या आबांसारखा. टाळ्या पडल्या. आबा पहिल्या रांगेत होते. मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. घरी येताना म्हणाले, “असं चारचौघांत बोलू नकोस गो माझ्याबद्दल.” केवढी ही नम्रता, मला वाटलं! आणि दर सव्वीस जानेवारीला मला व्यासपीठावर बसवून सुधीरबद्दल बोलायला सांगत. मी पाठ केलेलं बोलायचे. मनात एकच असायचं, शूर होता हो, पण बायकोच्या एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. सोळा वर्षं मी ही अशी काढली. जिवंत होते त्या आबांना माया दिली, आणि गेला त्याच्या तसबिरीला हार घालताना त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

आबा पंच्याऐंशीच्या घरात असताना विहिरीकडे घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मग खाटेवरच. एके दिवशी दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि माझं मनगट धरलं. म्हणाले, “कपाटात कलमाच्या सुऱ्यांचा डबा आहे, तो आण.” आणला. तळाशी मेणकापडात दोन पत्रं होती. म्हणाले, “वाच.” मी पहिलं उघडलं. जूनचं. चहा होता, बर्फ होतं, आणि त्याखाली हे होतं:

‘आबा, तिच्या नोकरीचं लिहिलंत. तिला जाऊ द्या. आईच्या मदतीला कुणी बाई ठेवा, पण तिला अडवू नका. दिव्याखाली बसून अभ्यास करायची असं तिची आई सांगत होती. मला तर आवडेल मास्तरीणबाईचा नवरा व्हायला. तिला सांगा, मी होय म्हटलंय.’

मी मोठ्याने वाचत होते. कशी वाचत होते कोण जाणे. आबा छताकडे बघत होते. म्हणाले, “घर रिकामं होईल असं वाटलं गो. म्हटलं, चार महिन्यांत तो येईल. आला की मीच त्याला सांगणार होतो, मीच तुला पोचवणार होतो. तो येणारच होता.” मी कागदाची घडी घातली. म्हणाले, “दुसरं वाच.” दुसरं तेराव्या दिवशीचं.

‘तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तिच्या दोन ओळी वाचल्या. मी होय म्हटलेलं तिला सांगायचं राहून गेलं बहुतेक, लढाईच्या गडबडीत तुम्हालाही सुचलं नसेल. आता तरी सांगा. ती रागावली आहे, आणि इथे बसून मला ते सारखं टोचतं. तुम्ही रागावणार नसाल तर एक विचारतो. पुढचं पत्र मी तिच्या नावाने टाकू का? तुमची परवानगी आली की लगेच टाकतो. उत्तराची वाट बघतो.’

आबा रडत होते. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. “शिव्या दे गो मला,” म्हणाले, “काय तरी बोल.” मी म्हटलं, “पेज गार होतेय.” आणि उरलेली भरवली. त्यानंतर चार महिने होते ते. त्यांचं सगळं केलं मी. कुशी बदलल्या, पाठीला पावडर लावली, औषध एकदाही चुकवलं नाही. रोज सकाळी ते माझ्या तोंडाकडे बघायचे. काय हवं होतं ते मला कळत होतं. मी एक शब्द बोलले असते तर ते सुटले असते. मी नाही बोलले. शेवटच्या दिवशीही तोंडात पाणी घातलं आणि गप्प राहिले. लोक म्हणाले, लेकीने केलं नसतं एवढं सुनेने केलं. म्हणू देत.

माझं प्रेम होतं आबांवर, अजून आहे, ते उपटून टाकता येत नाही म्हणून जास्त चीड येते. फणसाची भाजी खरी होती. तिठ्यावरची छत्रीही खरी होती. पण माझी सोळा वर्षं त्यांनी खिशात घालून ठेवली. आणि मी तरी? पोस्टातून एक अंतर्देशीय विकत आणून त्याला परस्पर लिहायला मला कुणी अडवलं होतं का?

आणि सुधीर, तू रे? त्याच्या तसबिरीकडे आता मी सरळ बघते आणि भांडते. समोरून तोफा चालल्यात, रोज बरोबरची माणसं जाताहेत, आणि हा बाबा बायकोला पत्र लिहू का म्हणून बापाला विचारतोय! लिहायचं नाव, टाकायचं पेटीत! कुणी काय करणार होतं तुला?

त्यानंतर माझ्या नावाची पत्रं खूप आली. पेन्शनची, सैनिक कार्यालयाची, सत्काराची, झेंडावंदनाला हजर राहा म्हणून. अजून येतात. पाकिटावर माझं पूर्ण नाव असतं, श्रीमती लावून, पुढे कंसात वीरपत्नी. त्यातलं एकही पाठवायला कुणाला आबांची परवानगी लागली नाही.